पेढीवरील पिस्तूल

आपल्या संघाच्या येत्या वार्षिक सभेपुढे एक सूचना येणार आहे. सराफी, जवाहिरात व रोखीचा मोठा व्यवहार करणाऱ्या सभासदांना पिस्तुलाचा किंवा रिव्हॉल्वरचा परवाना मिळावा, त्यासाठी संघाने आपल्या शिक्क्यानिशी शिफारसपत्रे द्यावीत आणि अर्ज भरून देण्याची सोय संघाच्या कचेरीत करावी, असा तिचा आशय आहे. सूचना मांडणारे आमचे स्नेही आहेत. त्यांच्या मनात द्वेष नाही, धास्ती आहे. आणि ती धास्ती निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. भर दुपारी तोंडाला फडके बांधलेले तिघे-चौघे दुकानात शिरतात, कट्टा दाखवून दागिन्यांचे ट्रे पिशवीत ओततात आणि पाच मिनिटांत मोटरसायकलीवरून निघून जातात. कॅमेऱ्याने टिपलेली ती चित्रे दुसऱ्या दिवशी घरोघरी मोबाइलवर फिरतात. ज्याच्या दुकानात तिजोरी आहे त्याच्या पोटात ती पाहून गोळा उठल्यावाचून राहत नाही. तरीही या सूचनेला आमचा विरोध आहे. तो का, हे सभेच्या गडबडीत नीट सांगता येणार नाही, म्हणून स्मरणिकेची ही पाने आम्ही मागून घेतली आहेत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आम्ही जैन आहोत म्हणून चोराला पाट मांडून बसवावे, असे आमचे म्हणणे नाही; आपल्या धर्माचेही नाही. गृहस्थाच्या हिंसेचे आपल्याकडे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. जाणूनबुजून, ठरवून केलेली जी संकल्पी हिंसा तिचा त्याग श्रावकाने करावयाचा असतो. स्वयंपाकपाण्यात, उद्योगधंद्यात आणि आक्रमकाच्या प्रतिकारात घडते ती हिंसा कमीत कमी व्हावी हा त्याचा प्रयत्न. परंतु ती पूर्णपणे टाळणे मुनीला शक्य, गृहस्थाला नव्हे, हे आचार्यांनी ओळखले होते. इ. स. ९८१ च्या सुमारास श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराची मूर्ती उभी करणारा चामुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता. त्या मूर्तीच्या पायाशी मराठीतील अतिप्राचीन शिलालेखांपैकी एक कोरलेला आहे, याचा आपणा मराठी भाषिक जैनांना रास्त अभिमान वाटतो. तो लेख ज्याच्या नावाने आहे त्याच्या कमरेला तलवार होती, हे आम्ही कसे नाकारावे?

परंतु त्याच मूर्तीची कथाही आठवावी. भरत आणि बाहुबली या दोघा भावांत राज्यावरून तंटा लागला. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली. तेव्हा मंत्र्यांनी असा तोडगा काढला की सैन्याचा संहार करू नये. दोघा भावांनीच शस्त्रावाचून सामना करावा. दृष्टियुद्ध झाले, जलयुद्ध झाले, मल्लयुद्ध झाले. तिन्हींत भरत हरला. आणि मग काय झाले? ज्या भरताने निःशस्त्र युद्धाचा करार मान्य केला होता, त्याच भरताने संतापाच्या भरात आपले चक्र भावावर सोडले. भरत काही दुष्ट नव्हता. पुढे तो स्वतः केवलज्ञानी झाला. पण त्या एका क्षणी तो रागावलेला होता, आणि चक्र हाताशी होते. चक्राने बाहुबलीला इजा केली नाही, असे पुराण सांगते. आपल्या बाजारात मिळणाऱ्या पिस्तुलाला भाऊ ओळखू येत नाही.

आमचे सारे म्हणणे या एका कथेत आहे. शस्त्र बाळगणारा मनुष्य चांगला की वाईट, हा प्रश्न नव्हे. शस्त्र रात्रंदिवस हाताशी असले म्हणजे ते मनुष्याच्या उत्तम घटकेची वाट पाहत नाही. त्याच्या अधम घटकेलाही ते तितकेच तत्पर असते. आपल्या शास्त्राने हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला मुख्य स्थान दिले ते उगीच नव्हे. शस्त्र, विष, अग्नी यांसारखी साधने विनाकारण दुसऱ्याच्या हाती जाऊ देणे याला ‘हिंसादान’ म्हणून अनर्थदंडात गणले आहे. या माळव्यातच, धारेजवळच्या नालछा येथे, तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी गृहस्थधर्मावरील ‘सागारधर्मामृत’ लिहिले. घोरीच्या स्वाऱ्यांमुळे ज्यांना आपले मूळ गाव सोडून माळव्याचा आश्रय करावा लागला, ते हे पंडित. शस्त्रांची दहशत काय असते हे त्यांना आपणांपेक्षा अधिक ठाऊक होते. तरीही श्रावकाच्या आचारात अनर्थदंडाचा त्याग त्यांनी सांगितलाच.

आमच्या लहानपणी वडिलांच्या पेढीवर एक दुनळी बंदूक होती. ती गादीच्या मागे भिंतीवर, सर्वांच्या डोळ्यांसमोर टांगलेली असे. काडतुसे मात्र घरी, आईच्या कपाटात. बंदूक आहे हे गल्लीला ठाऊक होते, हमालांना ठाऊक होते, आणि चोरालाही ठाऊक असेल. ती कधी उडाल्याचे आम्हांला आठवत नाही. दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू पडे आणि परवान्याच्या नूतनीकरणाला ती फडक्यात गुंडाळून कचेरीत जाई, एवढाच तिचा प्रवास. वडिलांच्या पश्चात आम्ही ती रीतसर जमा केली. आज जे मागितले जात आहे ते याहून अगदी निराळे आहे. सदऱ्याखाली दडवलेले, भरलेले, गिऱ्हाइकाला, नोकराला, भागीदाराला न दिसणारे आणि दिवसाचे दहा तास अंगावर वागवलेले ते छोटे शस्त्र आहे. भिंतीवरची बंदूक काढून, भरून, रोखण्यास जो वेळ लागे त्या वेळात मनुष्याला विचार सुचत असे. कमरेच्या पिस्तुलाने तो वेळ काढून टाकला आहे. तेच त्याचे वैशिष्ट्य, आणि तोच त्याचा धोका.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण परवान्याविषयी आपल्या मंडळींत पुष्कळ भ्रम आहेत. शस्त्र बाळगणे हा आपल्या देशात मूलभूत हक्क नाही. १९४८ साली घटना समितीत हरी विष्णु कामत यांनी तसा हक्क घालावा म्हणून दुरुस्ती मांडली होती. ती नामंजूर झाली. एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले तेही ‘शांततेने व विनाशस्त्र’. १९५९ चा शस्त्र अधिनियम १९६२ पासून अमलात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. २०१६ च्या नियमांप्रमाणे अर्जदाराला शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घ्यावे लागते, शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचा वैद्यकीय दाखला द्यावा लागतो आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. सार्वजनिक जागी पिस्तूल नेताना ते पूर्ण झाकलेल्या म्यानात असले पाहिजे व बाळगणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा असला पाहिजे. ते काढून मिरवण्यास मनाई आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की आपल्यासारख्या व्यक्तीला मिळालेला परवाना त्या व्यक्तीचा असतो, पेढीचा नव्हे. शेटजी जेवायला घरी गेले आणि पिस्तूल गल्ल्यात मुनिमाच्या स्वाधीन करून गेले, तर मुनिमाजवळ ते विनापरवाना झाले. विनापरवाना बंदूक बाळगण्यास आता किमान दोन वर्षांची सजा आहे. आपल्या सोयीसाठी तीस वर्षांच्या इमानी माणसाला आपण त्या कलमाच्या तोंडी देणार काय? आणि जर पिस्तूल मुनिमाजवळ ठेवावयाचे नसेल, तर शेटजींना ते सकाळी मंदिरातही न्यावे लागेल. काचमंदिराच्या पायरीशी आपण चामड्याचा पट्टा आणि चामड्याचे पाकीट काढून ठेवतो. मग पिस्तुलाचे चामडी म्यान कोठे ठेवणार? मोटारीच्या खणात, की चपला सांभाळणाऱ्या पोराजवळ? प्रश्न हास्यास्पद वाटेल, परंतु परवानाधारकाला तो रोज सकाळी सोडवावा लागतो. आणि ज्या दिवशी तो चुकीचा सुटेल त्या दिवशी चोराला फुकटात चांगले शस्त्र मिळेल.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे, आणि तो पुरेसा रुंद आहे. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ त्यासंबंधी आहेत. १ जुलै २०२४ पूर्वी दंडसंहितेत हीच तत्त्वे कलम ९६ ते १०६ मध्ये होती. दरोडा पडत असताना मालमत्तेच्या रक्षणासाठी प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा तो गुन्हा मानीत नाही. परंतु जरुरीपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि भय संपले की हक्कही संपतो. दरोडेखोर पाठ फिरवून रस्त्यावर धावू लागला आणि मागून आपण गोळी झाडली, तर ती स्वसंरक्षणाची होती हे सिद्ध करता करता वर्षे जातील. दुकान, वकील आणि न्यायालय यांच्या फेऱ्यांत मुलाचे लग्नही उरकावे लागेल.

याच प्रकरणात कायद्याने एक दृष्टान्त दिला आहे. तो वाचल्यापासून आमच्या मनातून जात नाही. जमावाने प्राणघातक हल्ला केला आहे. गोळी झाडल्यावाचून सुटका नाही. आणि जमावात लहान मुले मिसळलेली आहेत. अशा वेळी गोळी झाडून एखादे मूल जखमी झाले तरी झाडणारा गुन्हेगार ठरत नाही. कायद्याने क्षमा केली, हे योग्यच केले. पण आपला सराफा डोळ्यांसमोर आणा. सहा-सात हातांची गल्ली, समोरासमोर दुकाने, लग्नसराईची गर्दी, आईचे बोट धरून आलेली मुले. कायद्याने कल्पनेत रंगवलेले ते दृश्य आपल्या येथे दररोज सायंकाळी प्रत्यक्ष असते. ज्याने आयुष्यात शिक्षणाच्या दिवशी झाडल्या तेवढ्याच गोळ्या झाडल्या, त्याचा हात भीतीने कापत असताना नेम कोठे जाईल? न्यायालय आपल्याला सोडील; त्या मुलाची आई सोडील काय, आणि आपले मन आपल्याला सोडील काय?

‘पण पिस्तूल असले तर दरोडा पडणारच नाही,’ असे म्हणतात. याचा नीट विचार करावा. पिस्तूल दडवलेले असेल तर चोराला ते ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणून त्याला त्याचा धाक नाही. ते दिसेल असे ठेवले तर चोर पहिला वार पिस्तुलवाल्यावर करील, किंवा प्रथम तेच हिसकावील. दरोडेखोर येतो तो शस्त्र काढून, मनाची तयारी करून येतो. आपण त्या क्षणी वजनकाट्याकडे पाहत असतो, नाही तर गिऱ्हाइकाला घडणावळ समजावीत असतो. दोघांत आधी कोणाची गोळी सुटेल हे सांगण्यास ज्योतिषी नको. आणि मालकाने कमरेला हात घालताच जी गोळी सुटते ती बहुधा एकट्या मालकापुरती राहत नाही. काउंटरवर उभा असलेला मुलगा, चहा घेऊन आलेला पोऱ्या, हिशेब लिहिणारी मुलगी यांनी तुमचा ऐवज वाचविण्यासाठी जीव देण्याचा करार केलेला नाही. त्यांना न विचारता आपण त्यांच्या कामाच्या जागी युद्ध मांडतो, याचा विचार या सूचनेत कोठेच नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले-पुतणे अमेरिकेत आहेत. तेथील पन्नासांपैकी एकोणतीस राज्यांत आता परवान्यावाचून छुपे पिस्तूल बाळगता येते, आणि ते कामाच्या ठिकाणी आणावे की नाही यावर तेथे वीस-बावीस वर्षे वाद चालू आहे. नोकराने आपल्या मोटारीत कुलपात ठेवलेले पिस्तूल कंपनीच्या आवारात आणण्यास मालकाला मनाई करता येऊ नये, असा कायदा ओक्लाहोमा राज्याने २००४ साली प्रथम केला. मग इतर अनेक राज्यांनी केला. शस्त्राच्या बाबतीत इतकी मोकळीक असलेल्या देशाचा अनुभव आपण विचारात घेतलाच पाहिजे. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कामाच्या ठिकाणांची तुलना करून काही संशोधकांनी २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. जेथे नोकरांना बंदूक आणण्याची मुभा होती तेथे, सर्व शस्त्रांना मनाई असलेल्या जागांच्या मानाने, कामावरील माणसाचा खून होण्याची शक्यता सुमारे पाचपट आढळली. ज्या धंद्यांत मुळातच धोका अधिक तेथेच बंदुका अधिक असतील, हा आक्षेप रास्त आहे. संशोधकांनी त्यासारख्या गोष्टी हिशेबात धरूनच तो आकडा काढला होता. एका अभ्यासाने सर्व काही सिद्ध होत नाही. परंतु पिस्तुलामुळे दुकान अधिक सुरक्षित होते असे म्हणणाऱ्यावर पुराव्याचे ओझे येते, एवढे त्यावरून निश्चित ठरते.

आपल्याकडे बंदुकीने होणारे खून बहुतांशी विनापरवाना, चोरट्या कट्ट्यांनी होतात, हेही आम्ही मान्य करतो. परवानाधारक व्यापारी हा खुनी नव्हे. पण आमची भीती खुनाची नाहीच. ज्या गोष्टी पोलिसांच्या नोंदीत कधीच येत नाहीत त्यांची आम्हांला अधिक भीती वाटते. त्यांपैकी एक आमच्या डोळ्यांदेखत घडली. दोन चुलतभावांच्या पेढीची वाटणी होती आणि आम्ही पंच म्हणून बसलो होतो. दुपारपर्यंत सर्व सुरळीत चालले होते. दुकानाच्या पागडीवरून शब्द वाढला. धाकट्या भावाला बसताना कमरेचे पिस्तूल बोचत होते. त्याने ते काढले आणि वह्यांशेजारी गादीवर ठेवले. धमकी द्यावी असे त्याच्या मनात नव्हते, हे आम्ही आजही शपथेवर सांगू. परंतु थोरला भाऊ उठला, वहीवर सही केली, मागेल ते देऊन टाकले आणि निघून गेला. गोळी सुटली नाही. पण त्या दिवसापासून दोन्ही घरांचे पाणी तुटले. दर क्षमावाणीला थोरल्याचे पत्र सर्व नातलगांना जाते, त्या एका घरी जात नाही. पिस्तूल नसते तर दोघे भाऊ मोठ्याने भांडले असते, आणि दिवाळीच्या वहीपूजनाला पुन्हा एकत्र बसले असते.

दुसरी गोष्ट बोलणे अवघड आहे, पण न बोलणे हा अपराध होईल. व्यापारात ओढीचे दिवस येतात. हुंडी परत येते, बँकेची नोटीस येते, उधारी बुडते, चारचौघांत मान खाली जाते. अशा वेळी चांगल्या चांगल्या माणसाचे मन काळवंडते. तो काळा प्रहर बहुतेकदा टळतो : कोणी दार ठोठावते, मूल हाक मारते, सकाळ होते. पण गल्ल्यात भरलेले शस्त्र असेल तर तो प्रहर टळण्यास अवसर राहत नाही. आम्ही चोराच्या भयाने पिस्तूल आणतो. पण चोर वर्षानुवर्षे येत नाही, आणि पिस्तूल तेथेच असते, आमच्या स्वतःच्या दुःखाच्या शेजारी. ज्या घरात किंवा पेढीवर कोणाचे मन खचले आहे असे दिसेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी पहिले काम हे करावे की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे, आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

तिसरी गोष्ट प्रतिष्ठेची. उत्तरेकडे ग्वाल्हेर-चंबळच्या मुलुखात बंदूक ही संरक्षणाची वस्तू कमी आणि मानाची अधिक आहे. लग्नाच्या वरातीत ती खांद्यावर हवी, मुलाला स्थळ यावे म्हणून घरात हवी. परवान्याची ही हौस तेथील अधिकाऱ्यांनी इतकी ओळखली की तिचा आमिष म्हणून उपयोग केला. २००८ साली शिवपुरी जिल्ह्यात, नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना परवान्यात प्राधान्य देण्याची योजना निघाली. २०१९ साली ग्वाल्हेरला परवाना हवा असेल तर दहा रोपे लावा, असे सांगण्यात आले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गोशाळेला दहा ब्लँकेटे द्या, असेही. हेतू सद्भावनेचा असेल. परंतु गाईच्या पाठीवर पांघरूण घालावयाचे आणि त्याच्या बदल्यात आपल्या कमरेला पिस्तूल लावावयाचे, हा हिशेब जीवदयेच्या कोणत्या खात्यात मांडावा हे आम्हां व्यापाऱ्यांनाही सुचत नाही. आपल्या संघाच्या शिक्क्याने परवाने मिळू लागले तर दोन वर्षांत आपल्या येथेही तेच होईल. ज्याला धोका आहे तो मागे राहील. ज्याला हौस आहे तो रांगेत पहिला उभा राहील. ज्याच्याजवळ पिस्तूल नाही तो लहान व्यापारी, असे मोजमाप सुरू होईल.

मग व्यापाऱ्याने काय हात जोडून बसावे? मुळीच नाही. आपल्या इंदुराच्या सराफ्यानेच याचे एक उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले आहे. रात्री दुकानांच्या फळ्या पडल्या की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गल्ली माणसांनी फुललेली असते. गराडू आणि जिलबी खाणाऱ्या त्या गर्दीने तिजोऱ्यांची राखण केली आहे, ही गोष्ट आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. आता गॅसच्या टाक्यांच्या धोक्यामुळे त्या चौपाटीविषयी वाद चालू आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखे आहे. पण त्यामागचे तत्त्व विसरू नये : जाग, उजेड आणि शेजार यांच्यासारखा पहारेकरी नाही.

त्याच तत्त्वावर पुष्कळ काही करता येईल. एकापाठोपाठ एक उघडणारी दोन दारे बसवावीत; आतले बाहेरच्यानंतरच उघडावे. ठरल्या वेळेपूर्वी मालकालाही उघडता येणार नाही अशी वेळेच्या कुलपाची तिजोरी असावी, आणि ती तशी आहे हे दारावर मोठ्या अक्षरांत लिहावे. सकाळी दुकान एकट्याने उघडू नये, रात्री एकट्याने बंद करू नये; माल नेण्याची वाट आणि वेळ रोज एकच ठेवू नये. नवा नोकर ठेवताना पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी, आणि जुन्या नोकराला असे वागवावे की घरचे गुपित विकण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये. चोराला माहिती मिळते ती पुष्कळदा आतूनच. दोन लाखांहून अधिक रोख एकाकडून घेण्यास २०१७ पासून कायद्याने मनाईच आहे. रोख जितकी कमी तितका मोह कमी. सराफी दुकानांसाठी ‘ज्वेलर्स ब्लॉक’ विमा मिळतो. पण हप्ता वाचविण्यासाठी मालाची किंमत कमी लिहिणारे सभासद आमच्या परिचयाचे आहेत, त्यांनी हा दोष काढून टाकावा. आणि सर्वांत आधी प्रत्येक मालकाने आपल्या नोकरांना स्पष्ट शब्दांत सांगावे : दरोडा पडला तर ट्रे देऊन टाका, चेहरे लक्षात ठेवा, जीव वाचवा; सोन्याचा जाब आम्ही तुम्हांला विचारणार नाही. हे वाक्य ज्या पेढीवर उच्चारले गेले नाही तेथे पिस्तुलाची चर्चा करण्याचा अधिकार नाही, असे आम्हांला वाटते.

ज्यांना खरोखर खंडणीच्या धमक्या आल्या आहेत, ज्यांच्यावर पूर्वी हल्ला झाला आहे, जे माल घेऊन रात्री-अपरात्री दूरच्या बाजाराला जातात, त्यांना कायद्याने स्वतंत्रपणे अर्ज करता येतो. जिवाला गंभीर धोका असलेल्याचा विचार करण्याची तरतूद नियमांतच आहे. त्यांच्या निर्णयाचा आम्ही अनादर करीत नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर काय केले असते, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. अशा सभासदांना आमच्या थोड्याच विनंत्या आहेत. शस्त्र अंगावर नसेल तेव्हा ते कुलपात असावे, गल्ल्यात किंवा गादीखाली नव्हे. काडतुसे निराळी असावीत. ते कोणाच्या हाती क्षणभरही देऊ नये. लग्नात, वरातीत, मित्रांच्या मेजवानीत तर ते नेऊच नये. आनंदाच्या भरात झाडलेल्या गोळीलाही २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. वाटणीच्या, हिशेबाच्या आणि वसुलीच्या बैठकीला जाताना ते घरी ठेवून जावे. आणि दर पर्युषणात स्वतःला विचारावे : ज्या भयासाठी हे आणले ते भय अजून आहे काय? नसेल तर परवाना परत करण्यात कमीपणा नाही.

सभेपुढे आमची उपसूचना अशी राहील. संघाने परवान्यांसाठी शिफारसपत्रे देऊ नयेत. त्याऐवजी संरक्षणनिधी उभारावा. त्यातून लहान दुकानदारांना दुहेरी दारे, वेळेची कुलपे आणि धोक्याची घंटा बसविण्यास बिनव्याजी रक्कम द्यावी. प्रत्येक गल्लीने मिळून शिकलेला, चौकशी केलेला रात्रीचा पहारेकरी ठेवावा. आणि विम्याच्या कागदांची तपासणी संघाच्या कचेरीत वर्षातून एकदा विनामूल्य व्हावी. पहिल्या वर्षाच्या निधीसाठी आम्ही आमच्या ऐपतीप्रमाणे रक्कम लिहून दिली आहे. सूचना मांडणाऱ्या आमच्या स्नेह्यांनीही त्या यादीत नाव घालावे अशी त्यांना विनंती केली आहे, आणि ते विचार करतो म्हणाले आहेत.

आपल्या वाडवडिलांनी परमुलुखात येऊन पेढ्या घातल्या तेव्हा त्यांच्याजवळ भांडवल थोडे होते आणि पहारा त्याहून थोडा. अनोळखी शेतकरी त्यांच्या गादीवर निःशंक बसे, आपल्या बायकोच्या अंगावरचा डाग त्यांच्या स्वाधीन करून पावतीसुद्धा न मागता परत जाई. त्याला ठाऊक होते की या गादीवर त्याला भय नाही. ती निर्भयता हेच आपले मूळ भांडवल आहे. ते भिंतीवरच्या दुनळीने आले नाही, आणि सदऱ्याखालच्या पिस्तुलाने राखले जाणार नाही. या लेखात कोणाच्या मनाला लागेल असे काही लिहिले गेले असेल तर त्याबद्दल आम्ही क्षमा मागतो. मात्र मतदानाच्या वेळी आमचा हात वर केला जाईल तो सूचनेच्या विरुद्ध.